पिनो न्वारची बाटली आणि तिच्यामागचे हवामान: नागपुरात बसून प्रदेश कसा ओळखावा

संत्र्याच्या बागेशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे, त्याला पिनो न्वार हे नाजूक लाल द्राक्ष समजून घेणे फार अवघड जात नाही. काटोल, नरखेड किंवा वरुडच्या बागेत एकाच झाडावर दोन बहार घेता येतात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि फळ नोव्हेंबर-डिसेंबरकडे, म्हणजे रात्री गार होऊ लागल्यावर तयार होते. मृग बहाराची फुले पावसाच्या सुरुवातीला येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना उतरते. झाड तेच आणि जमीनही तीच असते, तरी आंबियाच्या फळाला सहसा आंबटपणाची धार असते आणि मृगाचे फळ अधिक गोड लागते. फळ कोणत्या ऋतूत पिकले, हा प्रश्न संत्र्याच्या बाबतीत जितका महत्त्वाचा आहे, त्याहून कितीतरी पटींनी तो पिनो न्वारच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. या लेखातील प्रत्येक पायरी त्याच एका प्रश्नाकडे घेऊन जाते.

पहिली पायरी: फळाचा स्वभाव ओळखा

पिनो न्वारचा घड लहान आणि गच्च भरलेला असतो. त्याचा आकार पाइनच्या शंकूसारखा दिसतो, म्हणून फ्रेंच भाषेत त्याला 'पिनो' म्हटले गेले, असे मानतात. 'न्वार' म्हणजे काळा. मण्याची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्य व तुरटपणा देणारे घटक तुलनेने कमी असतात, त्यामुळे या द्राक्षाची वाइन काबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझसारखी गडद होत नाही. पेल्यामागे वर्तमानपत्र धरले तर मथळा वाचता यावा, इतकी ती पुष्कळदा पारदर्शक असते. असा फिका रंग पाहून बाटलीत भेसळ असल्याची शंका घेणारे पाहुणे माझ्या घरी आलेले आहेत.

या वेलीच्या तीन सवयी लक्षात ठेवाव्यात. तिचे डोळे लवकर फुटतात, त्यामुळे थंड प्रदेशात एप्रिलमधल्या एखाद्या रात्री तापमान शून्याखाली गेले की कोवळ्या फुटी जळून जातात. तिचे फळ लवकर पिकते, त्यामुळे उष्ण प्रदेशात लावल्यास ऐन उन्हाळ्यातच साखर भरून जाते आणि वास व चव तयार व्हायला वेळच मिळत नाही. तिसरी सवय गच्च घडाची. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की मणी फुगून एकमेकांवर दाबले जातात, तडकतात आणि आत राखाडी बुरशी शिरते. भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांची भीती नाशिकच्या बागाईतदाराला जशी असते तशीच तिथेही असते, पण पातळ सालीमुळे चूक सुधारण्याची संधी फार कमी मिळते.

दुसरी पायरी: हंगामाचे सरासरी तापमान काढा

कागद-पेन्सिल घेऊन करायची हीच एक पायरी आहे, आणि ती टाळू नये. उत्तर गोलार्धात एप्रिल ते ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर ते एप्रिल हा वेलीचा हंगाम धरतात. त्या सात महिन्यांच्या मासिक सरासरी तापमानांची बेरीज करून सातने भागावे. उत्तर साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले तर तो प्रदेश पिनो न्वारचा समजावा. लाल वाइनच्या प्रसिद्ध जातींमध्ये इतका अरुंद पट्टा क्वचितच कोणाच्या वाट्याला आला आहे.

याहून थोडी बारीक पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये मांडली. वेलीची वाढ सुमारे १० अंशांच्या वर होते असे धरून, प्रत्येक दिवसाच्या सरासरीतून १० वजा करायचे आणि हंगामातील सर्व दिवसांची बेरीज घ्यायची. हंगामाची सरासरी १६ अंश असेल तर सहा अंश गुणिले २१४ दिवस, म्हणजे १२८४ डिग्री-दिवस होतात. त्यांच्या वर्गवारीत सुमारे १३९० पर्यंतचा प्रदेश हा पहिला, म्हणजे सर्वांत थंड गट आहे, आणि पिनो न्वारची जागा मुख्यतः तिथेच आहे.

आता हेच गणित नागपूरसाठी करून पाहावे. एप्रिल ते ऑक्टोबरची आपली सरासरी ३० अंशांच्या आसपास जाते, म्हणजे वीस गुणिले २१४, चार हजारांच्याही वर. यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे द्राक्षाचा हंगाम उन्हाळ्यात नसतोच, आणि ते खरे आहे. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून पीक हिवाळ्यात घेतात. पण नागपूरचा डिसेंबर, जो आपला सर्वांत थंड महिना म्हणता येईल, त्याचे सरासरी तापमान २० अंशांच्या जवळपास असते. आणि फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील दिजाँ शहराचा जुलै, जो तिथला सर्वांत उष्ण महिना आहे, तोही जवळपास तेवढाच असतो. आपली थंडी जिथे संपते तिथे त्यांचा उन्हाळा सुरू होतो, हे एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी नकाशावरच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

तिसरी पायरी: तापमान कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहा

सरासरी आकडा सारखा असला तरी दोन प्रदेश सारखे नसतात, आणि ही पायरी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. मण्यात पाणी उतरल्यापासून (म्हणजे कडक मणी मऊ होऊन रंग धरू लागल्यापासून) काढणीपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत द्राक्षाचे भवितव्य ठरते. या काळात साखर वाढते, आम्ल कमी होते, सालीला रंग चढतो आणि वास देणारी द्रव्ये तयार होतात. ही चारही कामे एकाच गतीने झाली तर वाइन समतोल होते. उष्णता जास्त झाली तर साखर पुढे धावते आणि बाकीची कामे मागे राहतात.

आम्लाचे उदाहरण घ्यावे. द्राक्षात मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक अशी दोन आम्ले असतात. टार्टरिक आम्ल बऱ्यापैकी टिकून राहते, पण मॅलिक आम्ल मण्याच्या श्वसनात जळून जाते, आणि हवा जितकी गरम तितके ते वेगाने जळते. रात्रही उबदार असेल तर हे जळणे चोवीस तास चालू राहते. रंगाचेही तसेच आहे. तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले की सालीत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंदावते आणि तयार झालेले द्रव्यही मोडते. आधीच कमी रंग असलेल्या पिनो न्वारला हे मुळीच परवडत नाही. गार रात्र पडल्याशिवाय संत्र्याच्या सालीवर नारंगी छटा नीट उतरत नाही, हे बागेत आपण दरवर्षी पाहतो. संत्र्यातील रंगद्रव्य वेगळे, त्यामागची रसायनक्रियाही वेगळी, पण रात्रीच्या गारव्याची गरज दोघांनाही आहे.

बर्गंडीत मण्यात पाणी साधारण जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये उतरते आणि काढणी सप्टेंबरच्या सुमारास होते. म्हणजे फळ उतरत्या उन्हात, आंबिया बहारासारखे पिकते. शिवाय जूनमध्ये दिजाँचा दिवस सुमारे सोळा तासांचा असतो, तर नागपूरचा साडेतेरा तासांच्या आसपास. कमी तापमानात जास्त वेळ प्रकाश मिळणे ही चैन केवळ अक्षांशामुळे मिळते. ती खतपाण्याने विकत घेता येत नाही. आपल्या पठारावर हिवाळी पीक घेतले तर फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, चढत्या उन्हात पिकते, मृग बहारासारखे. शिराझसारख्या दणकट जातीला ते मानवते, आणि म्हणूनच नाशिकच्या लाल वाइनमध्ये शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों यांचा बोलबाला आहे.

चौथी पायरी: गारवा कोठून येतो ते शोधा

एखादा प्रदेश नकाशावर पाहताना तिथला गारवा कशामुळे आहे, हे स्वतःला विचारावे, कारण उत्तर बदलले की वाइनही बदलते.

काही ठिकाणी तो केवळ अक्षांशामुळे येतो. बर्गंडी ४७ अंश उत्तरेला आहे. शँपेन प्रदेश सुमारे ४९ अंशांवर आहे आणि तिथे पिनो न्वारचे फळ जेमतेमच पक्व होते, म्हणून त्याचा मोठा भाग बुडबुड्यांच्या वाइनमध्ये जातो. जर्मनीत याच जातीला स्पेटबुर्गुंडर म्हणतात, आणि आर नदीच्या अरुंद खोऱ्यात, ५० अंशांच्याही उत्तरेला, काळ्या पाटीच्या दगडाचे उभे उतार दिवसाची ऊब धरून ठेवतात म्हणूनच ती पिकते.

काही ठिकाणी समुद्र हे काम करतो. कॅलिफोर्नियाचे अक्षांश पाहिले तर तिथे हे द्राक्ष येऊच नये. पण पॅसिफिकचे पाणी थंड असल्याने रशियन रिव्हर खोऱ्यात रात्री दाट धुके शिरते आणि सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. सांता बार्बराच्या उत्तरेला दऱ्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत, त्यामुळे समुद्राचा वारा थेट आत येतो. चिलीच्या कासाब्लांका खोऱ्याला हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहाचा गारवा मिळतो. अशा प्रदेशांत किनाऱ्यापासून अंतर किती, यावर सर्व काही अवलंबून असते. काही मैल आत गेले की तीच जात जॅमसारखी लागू लागते. ओरेगनचे विलामेट खोरे ४५ अंशांवर आहे, तिथे १९६५ मध्ये डेव्हिड लेट यांनी पिनो न्वार लावले तेव्हा ते वेडे धाडस समजले गेले होते. तिथल्या डोंगररांगेतील एका खिंडीतून संध्याकाळी समुद्रवारा येतो आणि वेली निवतात.

न्यूझीलंडचे सेंट्रल ओटागो हे माझे सर्वांत आवडते उदाहरण आहे, कारण ते विदर्भासारखेच समुद्रापासून तुटलेले, डोंगरांच्या आडचे, कोरडे आहे. ४५ अंश दक्षिणेला असलेल्या या भागात दिवसा कडक ऊन आणि रात्री बोचरा गारवा असतो. म्हणून तिथल्या वाइनला फळाचा भरगच्चपणा आणि आम्लाची धार दोन्ही एकत्र मिळतात. तिथली अतिनील किरणेही तीव्र असतात, त्यामुळे रंग बर्गंडीपेक्षा गडद दिसतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे: दर १०० मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंश तापमान कमी होते. मात्र उंची एकटी पुरत नाही. बर्गंडीतील उत्तमोत्तम उतार समुद्रसपाटीपासून २५० ते ३०० मीटरवर आहेत, आणि आपले नागपूर ३१० मीटरवर!

पाचवी पायरी: उतार आणि माती, पण या क्रमानेच

वाइनची चर्चा करणारे लोक मातीपासून सुरुवात करतात, हे मला कधीच पटलेले नाही. हवामान जुळत नसेल तर मातीची प्रौढी व्यर्थ आहे. हवामान जुळल्यावर मात्र एका गावातला फरक मातीने आणि उताराने ठरतो, आणि तो फरक नोंदवण्याचे काम बर्गंडीइतके कोणी केलेले नाही. १३९५ मध्ये तिथला ड्यूक फिलिप याने गामे ही भरघोस पिकणारी जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला आणि पिनोला मोकळी जागा करून दिली. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या एकेका तुकड्याची चव वेगळी ओळखली. त्या तुकड्यांना तिथे 'क्लिमा' म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मठवासीयांनीच भिंत घातलेला क्लो द वूजो हा मळा सुमारे ५० हेक्टरांचा आहे आणि आज तो अनेक मालकांत विभागलेला आहे. वरच्या बाजूला माती उथळ आणि चुनखडीची असून पाणी झटकन निथळते. खाली रस्त्याकडे ती जड आणि ओलसर होत जाते. भिंत एक, लेबलवरचे नाव एक, पण वरच्या आणि खालच्या भागांची ख्याती सारखी नाही. उताराच्या मध्यावर, पूर्वेकडे तोंड असलेल्या जागेला सर्वाधिक मान आहे, कारण सकाळचे ऊन लवकर मिळते, थंड हवा खाली निघून जाते आणि मुळांजवळ पाणी साचत नाही. प्रसिद्ध रोमाने-काँतीचा मळा अवघा १.८ हेक्टरांचा, म्हणजे साडेचार एकरांचा आहे. आपल्याकडे एवढी बाग असणाऱ्याला मोठा बागाईतदार कोणी म्हणणार नाही.

चुनखडीबाबत विदर्भातील वाचकाला प्रश्न पडणे साहजिक आहे. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचे प्रमाण वाढले की संत्र्याची पाने पिवळी पडतात, मग तिकडे तिचे एवढे कौतुक का? एक तर तिथली चुनखडी भेगाळलेली आणि निचऱ्याची आहे, आपली काळी माती मात्र फुगते आणि पाणी धरून ठेवते. दुसरे म्हणजे वेल चुना सहन करणाऱ्या खुंटावर कलम केलेली असते, जसे नाशिककडे डॉगरिजवर कलम करतात.

सहावी पायरी: वर्ष वाचा

लेबलवरचे वर्ष हे काढणीचे वर्ष असते. पिनो न्वारच्या बाबतीत ते प्रदेशाइतकेच बोलके असते. २००३ मध्ये युरोपात भयंकर उष्णतेची लाट आली आणि बर्गंडीत काढणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. त्या वर्षीच्या वाइन जाड आणि कमी आम्लाच्या निघाल्या. एप्रिल २०२१ मध्ये थंडीने फुटी गोठल्या, रात्रभर मळ्यांत मेणबत्त्या पेटवाव्या लागल्या, पीक थोडे आले आणि जे आले ते हलके, धारदार होते. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षे बर्गंडीतल्या बोन गावाच्या परिसरात गारपीट झाली. फेब्रुवारीतल्या गारांनी बाग झोडपलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून जास्त सांगावे लागणार नाही.

बोन येथील काढणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून उपलब्ध आहे, आणि १९८८ नंतर काढणी त्याआधीच्या काळापेक्षा सरासरी १३ दिवस अलीकडे आली आहे, असे तिच्यावरून दिसते. म्हणजे फळ उतरत्या उन्हातून हळूहळू ऐन उन्हाकडे सरकत आहे. पिनो न्वारचा नकाशा म्हणूनच स्थिर नाही. जर्मनीची लाल वाइन पूर्वीपेक्षा भरदार होण्यामागे हेही एक कारण आहे.

सातवी पायरी: दोन बाटल्या शेजारी ठेवा

आयात शुल्कामुळे या बाटल्या स्वस्त मिळत नाहीत, म्हणून चार-पाच जणांनी मिळून खर्च वाटून घ्यावा. एक साधी बर्गंडीची (लेबलवर 'बूर्गोन्य' एवढेच असेल, द्राक्षाचे नाव असेलच असे नाही) आणि दुसरी सेंट्रल ओटागो किंवा कॅलिफोर्नियाची निवडावी. खाली वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तेव्हा बाटल्या गाडीत ठेवून त्या बाजूला जाऊ नये.

चाखण्याआधी लेबलवरील अल्कोहोलची टक्केवारी पाहावी, कारण तो छुपा थर्मामीटर आहे. रसात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर असली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. १२.५ ते १३ टक्के असेल तर फळ गारव्यात पिकले असावे, १४ च्या वर असेल तर साखर घाईने भरली असण्याची शक्यता धरावी. काही थंड देशांत रसात साखर घालण्याची परवानगी असते, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा मानू नये.

नंतर वास घ्यावा. थंड प्रदेशाच्या वाइनला डाळिंबाच्या दाण्यांचा, आंबट चेरीचा, कधी गुलाबाच्या पाकळ्यांचा वास येतो. ऊबदार प्रदेशाची वाइन जांभळाकडे झुकते. अति उन्हात पिकलेली मनुका आणि मुरंब्याकडे. ही माझी घरगुती मापे आहेत, प्रत्येकाने आपली ठरवावीत. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटते का, हे पाहणे मात्र सर्वांसाठी सारखेच उपयोगी आहे, कारण ती आम्लाची खूण आहे.

सोबत सावजी मटण ठेवू नये. त्या मसाल्यापुढे ही वाइन पाण्यासारखी लागते आणि दोघांवरही अन्याय होतो. पावसाळ्यात पूर्व विदर्भातून बाजारात येणाऱ्या सात्या (रानभूछत्रे), कमी तिखटात परतलेल्या, हा जोड मला उत्तम वाटला आहे. जुन्या पिनो न्वारला स्वतःलाच भूछत्राचा आणि ओल्या पालापाचोळ्याचा वास येऊ लागतो.

आठवी पायरी: नागपूरच्या घरात बाटली सांभाळणे

परदेशी पुस्तकात 'खोलीच्या तापमानाला द्यावी' असे लिहिलेले असते, पण ती खोली नागपूरची नव्हे. पिनो न्वार १३ ते १६ अंशांवर प्यावी. फ्रीजमध्ये ती चार-पाच अंशांपर्यंत जाते, म्हणून थंडीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी. मे महिन्यात पंधरा मिनिटे पुरतात आणि पेला अर्ध्याहून कमी भरावा, नाहीतर शेवटचे घोट कोमट होतात.

एका उन्हाळ्यात मी एक बाटली माळ्यावर ठेवण्याचा मूर्खपणा केला होता. जूनमध्ये ती उतरवली तेव्हा बूच अर्धा सेंटिमीटर वर आले होते आणि आत शिजवलेल्या मनुकांचा वास होता. बर्गंडीचे उतरते ऊन माळ्यावरच्या दीड महिन्यात पूर्ण पुसले गेले होते. कूलरने खोली तीस अंशांच्या आसपास येते, तेवढे वाइनला चालत नाही. वातानुकूलित कपाट नसेल तर फ्रीजमधला भाजीचा कप्पा वापरावा, बाटली आडवी ठेवावी, आणि होळीच्या आत संपवता येतील एवढ्याच बाटल्या घ्याव्यात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये दोन दिवस चांगली राहते. चांगल्या थंड प्रदेशाची असेल तर दुसऱ्या दिवशीचा वास पहिल्या दिवसापेक्षा मोकळा लागतो, म्हणून तुलनेसाठी दोन्हींतले एकेक पेलाभर मुद्दाम राखून ठेवावे.